मागच्या सीटचं काम

२ फेब्रुवारी, रविवार. सकाळी ९.२०
ही वही फक्त सीटच्या कामासाठी. बाकी काही लिहायचं नाही. कामाची नोंद ठेवली की काम बिनचूक होतं, हे मी नळाच्या कारखान्यात रोज सांगतो आणि तिथे रोज कुणी ऐकत नाही. माझं काम नळ तपासायचं. वाईट नळ मी जाऊ देत नाही. वाईट सीट कशी जाऊ देईन?

हकीकत अशी. गेले सात आठवडे बायको माझ्या मोटरसायकलवर बसलेली नाही. आधी म्हणाली पाठ दुखते. मग म्हणाली बसच बरी पडते. तिचं चष्म्याचं दुकान माझ्या वाटेवरच आहे. म्हणजे रोज रिकामी सीट मागे घेऊन मी त्या दुकानावरून जातो. कारण उघड आहे. कंपनीने मागच्या माणसाला सीट दिलेली नाही, फळी दिली आहे.

काल सीटवाल्याकडे गेलो. त्याने अंगठ्याने फोम दाबला आणि म्हणाला, साहेब, सीटला काही झालेलं नाही. मी म्हटलं, हिच्यावर माझ्या बायकोला बसायचंय, तुमच्या अंगठ्याला नाही. तर म्हणे, मग त्यांनाच आणा, विचारू कुठे टोचतं ते. गिऱ्हाइकाला उलट बोलतो. निघताना शांतपणे दोन शब्द सुनावले. समोरच्या दुकानांतली माणसं बाहेर आली, ती त्यांच्या कामाने आली असणार.

ठरलं. सीट मी घरी करणार. अस्सल चामड्याची, दुहेरी शिवणीची. मुदत पुढचा रविवार.
संकल्प: काम करताना चिडायचं नाही. तसा मी चिडका नाहीच.

३ फेब्रुवारी, सोमवार. संध्याकाळी
चामडं आणलं. दुकानदार म्हणाला, हे पट्ट्यांचं आहे, सीटला पातळ घ्या. पातळ माल गळ्यात मारायची यांची सवय मला ठाऊक आहे. सगळ्यात जाड होतं ते घेतलं.
जेवणाच्या टेबलावर पसरलं. कॉलेजातून आल्या आल्या मुलीने विचारलं, घरात काही मेलंय का. अस्सल वस्तूचा वास या पिढीला माहीतच नाही.
ही म्हणाली, सीट बदलायची काय गरज आहे. मी म्हटलं, तुझ्या पाठीसाठी. ती काही तरी बोलणार होती, पण कुकर लावायला गेली.

४ फेब्रुवारी, मंगळवार
जुनं कव्हर काढलं. खालच्या बेसला शंभरावर पिना. एवढ्या पिना कशाला? ज्याने मारल्या त्याचा घरी कुणाशी तरी वाद झालेला असणार. स्क्रू ड्रायव्हर निसटून तळहातात घुसला. कंपनीला पत्र लिहायचं.

५ फेब्रुवारी, बुधवार
फोम कोरला. त्यासाठी वेगळी सुरी मिळते म्हणे. ब्रेड कापायची सुरी उत्तम चालते. डावी बाजू उंच वाटली म्हणून थोडी काढली. मग उजवी उंच दिसली. ती काढली. मग पुन्हा डावी. या फोमला स्वतःचं डोकं आहे. चार बोटं होता, दीड बोट उरला. तरी हरकत नाही. पाठीला घट्ट सीटच चांगली, असं कुठे तरी वाचलंय.

६ फेब्रुवारी, गुरुवार. सकाळी ७.४५
ब्रेडमध्ये फोम निघाला. मुलीने ताटलीच्या कडेला तुकडे ओळीने मांडून ठेवले, मला दिसावेत म्हणून. मी स्पष्ट सांगितलं की काम चालू असताना ती सुरी कुणी वापरायला नको होती.

८ फेब्रुवारी, शनिवार
वर्तमानपत्राचा साचा काढला. अचूक. चामडं कापलं. अचूक. तेवढ्यात मुलगी पाणी प्यायला आली, उभ्या उभ्या बघितलं आणि म्हणाली, बाबा, दोन्ही डाव्या बाजू कशा?
दोन्ही डाव्या बाजू.
एक तुकडा उलटा केला तर चामड्याची खरखरीत बाजू वर येते. चामड्याला सुलट-उलट असतं, साचा एकदा पालथा घालून कापायचा असतो, हे दुकानदाराने सांगायला नको? जाड-पातळ करत बसला, मुद्द्याचं बोलला नाही. तसाच गेलो आणि त्याला ते समजावून सांगितलं. त्याने आणखी चामडं दिलं आणि मी निघताच दुकान लावून घेतलं. दुपारची झोप प्यारी असते एकेकाला.

९ फेब्रुवारी, रविवार
मुदत आज होती. एक आठवडा वाढवली.
हिच्या शिलाई मशीनवर बसलो. पहिली सुई मोडली. दुसरी मोडली. तिसरी मोडून मशीनच्या पोटात गेली. मी मशीनशी थोडं बोललो.
वरच्या मजल्यावरचे मास्तर खाली आले. रिटायर्ड माणूस, वेळ भरपूर. विचारत होते, सगळं ठीक ना, कुणाचं भांडण लागलंय का. मी म्हटलं, घरात मी एकटाच आहे. म्हणाले, हो, आवाज एकच येत होता, म्हणून तर आलो.
ही आल्यावर तिने मशीन झाकून ठेवलं. बोलली असती तर मला उत्तर देता आलं असतं.

१२ फेब्रुवारी, बुधवार. सकाळी, कारखान्यात
हातातलं काम सोडून हे लिहितोय. जुनं कव्हर नुसत्या बेसवर पिना मारून बसवलं आहे, त्यावरून निघालो. चौकात एका पांढऱ्या कारवाल्याने हात न दाखवता वळण घेतलं. लोक सोडून देतात, म्हणून असले सोकावतात. मी तीन सिग्नल त्याच्या मागे गेलो आणि काचेवर टकटक करून वळणाचा नियम समजावून सांगितला. त्याने काच खाली केली नाही. मग जरा मोठ्याने समजावून सांगितला.
येताना बसस्टॉपवर ही दिसली. सोडतो म्हटलं. सीटमध्ये फोम नाही, पण पंधरा मिनिटांचा तर प्रश्न. नको म्हणाली. तेवढ्यात मागून बसने हॉर्न दिला. बायकोशी बोलणाऱ्या माणसाला हॉर्न. मी गाडी तिथेच स्टँडवर लावली, ड्रायव्हरच्या खिडकीशी गेलो आणि हॉर्न कधी वाजवावा ते त्याला सांगितलं. ही त्याच बसमध्ये चढली. माझ्याकडे बघितलं नाही. गर्दी होती.
सकाळपासून एकसष्ट नळ नापास केले. आज मालच वाईट आहे.

१५ फेब्रुवारी, शनिवार
मशीन नको. हातशिलाई. आरीने भोक पाडायचं, मेण लावलेला दोरा दोन्हीकडून ओढायचा. एका तासात सात टाके. त्यातले दोन माझ्या बोटाला.
फोमला चिकटवायचा गोंद लावून ठेवला होता. फोन आला म्हणून उठलो. कारखान्यातून, एकसष्ट नळांबद्दल. साहेब म्हणत होते, त्यातले सत्तावन्न चांगले निघाले. मला नळ शिकवतात. त्यांच्याशी बोलणं होईपर्यंत फोम टेबलाला चिकटला. खरवडला तर टेबलाचं पॉलिश त्याच्याबरोबर आलं.
रात्रीची जेवणं मांडीवर ताटं घेऊन झाली. हिने विचारलं, अजून किती दिवस. मी म्हटलं, हे सगळं कुणासाठी चाललंय? ती म्हणाली, तेच मला कळत नाहीये.

१६ फेब्रुवारी, रविवार
कव्हर बेसवर चढत नाही. चार बोटं कमी पडतं. शिलाईसाठी जागा सोडायची असते. सोडली नव्हती. घाईत राहिली, आणि घाई कुणी लावली? अजून किती दिवस, असं कुणी विचारलं?
चामडं भिजवलं की ताणतं. भिजवलं, ताणलं, कसंबसं चढवलं, उन्हात ठेवलं. दुपारी बघतो तर आक्रसून बेससकट वर वळलेलं. पालथी होडी. जिन्यात उजेड चांगला असतो म्हणून तिथे नेऊन बघत होतो, तेव्हा हातातून निसटलं. दोन मजले निसटलं.
मास्तर फिरून येत होते. त्यांनी ते उचलून आणलं, आमच्या दाराशी ठेवलं, बेल वाजवली आणि मी दार उघडायच्या आत वर निघून गेले. वयाच्या मानाने चपळ आहेत.

१७ फेब्रुवारी, सोमवार
काम तहकूब. कारण: साहित्याचा दर्जा.

१८ फेब्रुवारी, मंगळवार
तहकूब.

२० फेब्रुवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.१०
घरी आलो तर टेबल स्वच्छ, त्यावर फडकं टाकलेलं, आणि खुर्चीत सीट. तयार. हिने अर्धी रजा काढून बेस, फोम, चामडं सगळं पिशवीत भरून सीटवाल्याकडे नेलं होतं. मला न विचारता. माझ्या कामात. ज्या माणसाने माझा अपमान केला त्याच माणसाकडे.
त्याने चामडं मागून तासून पातळ केलं, नवा फोम घातला आणि दुपारभरात शिवून दिलं. शिवण दुहेरी. इकडून बघितली, तिकडून बघितली, भिंग घेऊन बघितली. एक टाका वाकडा असता तर बरं वाटलं असतं.
हिला विचारलं, त्याच्याकडे नेलंसच का. म्हणाली, मला टेबल हवं होतं. त्याने तिला विचारलं म्हणे, ताई, कुठे टोचतं. मग काय सांगितलंस, मी विचारलं. टोचत नाही म्हणून सांगितलं, ती म्हणाली. परक्या माणसापुढे दुसरं काय सांगणार बिचारी.
एकूण विचार करता सीट माझीच म्हणायला हवी. कल्पना माझी, चामड्याची निवड माझी. त्याने नुसतं शिवलं.
रविवारी सकाळी दोघं तलावापर्यंत जाणार. मी दोनदा विचारलं, तेव्हा ती बरं म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार. दुपारी १२
जसं घडलं तसं लिहितो.
साडेआठला निघालो. ही मागे बसली. सात नव्हे, दहा आठवड्यांनी. पहिला चौक होईपर्यंत तिचा हात माझ्या खांद्यावर होता. सीट कशी आहे विचारलं. छान आहे म्हणाली. मला फार बरं वाटलं, ते लिहायला हरकत नाही.
दुसऱ्या चौकात एक टेम्पोवाला उजवीकडून आत घुसला. मी काही केलं नाही. फक्त वेग वाढवला, त्याच्या बरोबरीने गेलो आणि बोललो. तोही बोलला. मग मी जरा जास्त बोललो. खांद्यावरचा हात कधी निघाला कळलं नाही. ही मागून काही तरी म्हणत होती, ते मला वाटलं माझ्या बाजूने म्हणतेय. ती थांब म्हणत होती. चौथ्यांदा म्हणाली तेव्हा ऐकू आलं.
बसस्टॉपपाशी थांबलो. ती उतरली. हेल्मेट काढून माझ्या हातात दिलं. मला वाटलं चिडेल. चिडली नाही. म्हणाली, सीट चांगली झालीय. आधीचीही चांगलीच होती. तू ओरडायला लागलास की मी मागे अंग आकसून बसते. घरी गेल्यावर पाठ धरते. सीटने नाही धरत.
मी म्हटलं, मग हे आधी सांगायचं. म्हणाली, सांगितलं होतं. तू म्हणालास, मी कुठे ओरडतो.
मी म्हटलं, मी कुठे ओरडतो.
स्टॉपवर उभ्या असलेल्या एक बाई दोन पावलं बाजूला सरकल्या.

२४ फेब्रुवारी, सोमवार
मी ओरडत नाही. माझा आवाजच तसा आहे, पहिल्यापासून. कारखान्यात यंत्रांमुळे मोठ्याने बोलावं लागतं. आणि जो चुकतो त्याला सांगायचं नाही, तर सगळ्यांनी चुकतच राहायचं का?
मुलीला विचारलं, मी ओरडतो का. तिने कानातला इयरफोन काढला, काय म्हणून विचारलं, मी पुन्हा विचारलं, तिने परत घातला.
जिन्यात मास्तरांना विचारलं. म्हणाले, मला नका विचारू, मला हल्ली कमी ऐकू येतं. दोन पायऱ्या चढले, थांबले आणि म्हणाले, तुमचं येतं.

२५ फेब्रुवारी, मंगळवार. संध्याकाळी
बसमध्ये एवढं काय सोनं लागलंय ते बघायला आज हिच्याबरोबर बसने गेलो. मोटरसायकल खाली उभी. आठ-दहाची बस आठ-वीसला आली. ड्रायव्हर तोच, हॉर्नवाला. त्याने मला ओळखलं. मी तिकिटाकडे बघत राहिलो.
मधल्या रांगेत चार बायका बसल्या होत्या, त्यांनी हिच्यासाठी पर्स ठेवून जागा धरली होती. रोज धरतात. सीट म्हणाल तर फाटकी, खालचा पत्रा दिसतो. ही त्यावर पाय लांब करून, टेकून बसली. एकीने काही तरी सांगितलं आणि ही हसली. मोठ्याने. आमच्या घरात इतका मोठा आवाज माझाच असतो, त्यामुळे मी आधी दुसरीकडेच बघितलं.
मी उभा. एका माणसाने बूट माझ्या पायावर ठेवला आणि ठेवूनच दिला. मी तोंड उघडलं. तेवढ्यात हिची नजर माझ्याकडे आली. रागाची नव्हती. दूध वर येताना आपण भांड्याकडे बघतो, तशी. तिच्या मैत्रिणीही बोलायच्या थांबल्या.
मी तोंड मिटलं. पुढचे तीन स्टॉप तो बूट तिथेच होता. अंगठा अजून ठणकतोय.
उतरताना तिला म्हटलं, उद्याही येतो. ती म्हणाली, ये की. पण तुझ्यासाठी जागा धरता यायची नाही, आमच्यात पाचच मावतात.
उद्याही आठ-दहाचीच बस. उभ्याने पस्तीस मिनिटं लागतात.