हळू बोला, सर बोलतायत

५ जानेवारी

आज साउंडवाल्याचा फोन. इतक्या वर्षांनी! म्हणाला, आपली मालिका दुपारी परत दाखवतायत, बघता की नाही? म्हटलं, वेळ कुठे मिळतो. (रोज बघतो. जेवण मुद्दाम त्याच वेळेला ठेवलंय.)

मग खरं कारण सांगितलं. बाई आता कुणाला ओळखत नाही. मुलगा भेटायला आला तर त्याला म्हणाली, आपण कोण? पण टीव्हीवर मालिका लागली की हरखून बघते आणि सारखी विचारते, सर हल्ली का येत नाहीत? तर एकदा येऊन जाल का?

सर म्हणजे मी. टीव्हीवर अकरा वर्षं हेडमास्तर होतो. बाई मालिकेतली माझी बायको, त्याच शाळेत गणित शिकवणारी. अजून रस्त्यात लोक 'नमस्कार सर' म्हणतात. निदान ज्यांचे केस पांढरे झालेत ते तरी म्हणतात. मी स्वतः अकरावीत दोनदा गटांगळी खाल्ली, हे त्यांना कुठे ठाऊक.

साउंडवाला हा बाईचा खरा नवरा. मालिकेच्या तिसऱ्या वर्षी तिने त्याच्याशी लग्न केलं. मी मनाला लावून घेतलं नाही. नंतर आठवडाभर माझा आवाज बसला होता, तो हवेमुळे.

त्याला म्हटलं, डायरी बघून सांगतो, आणि फोनजवळ हीच डायरी धरून पानं फडफडवली. मग म्हटलं, शुक्रवार जमवतो. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, हा साउंडवाला. पानं कोरी आहेत हेसुद्धा त्याला ऐकू आलं असेल.

संकल्प: बाईची स्मृती परत आणणे. डॉक्टरांनी हात टेकले असतील. अभिनय अजून शिल्लक आहे.

७ जानेवारी

तयारी. मालिकेतला तपकिरी कोट कपाटातून काढला. (शूटिंग संपल्यावर परत करायचा राहून गेला होता.) बटण लागत नाही. कोट आटलाय. आजपासून साखर बंद.

मिशी काळी केली. डाय थोडा ओठावर उतरला आणि घासूनही जाईना. बायकोने (घरच्या, खऱ्या) चष्मा लावून पाहिलं आणि म्हणाली, दरवाज्याला ऑइलपेंट देताना असं होतं खरं. मी दुर्लक्ष केलं. बाईकडे का जातोय ते तिला सांगितलं. तिने डायच्या बाटलीला झाकण लावून ठेवलं. म्हणजे पटलं असावं.

संध्याकाळी चहात साखर घेतली. एकदम बंद केली तर शरीराला धक्का बसतो.

९ जानेवारी

गेलो. तिसरा मजला, लिफ्ट बंद. दाराशी दम खात थांबलो, तेही बरंच झालं. एंट्रीआधी पॉझ हवाच.

बाई खिडकीजवळच्या खुर्चीत. किती बारीक झालीय. केस बारीक कापलेत, मुलासारखे. समोर टीव्ही चालू. मी दारात उभा राहिलो, छाती भरून श्वास घेतला आणि म्हटलं, "बाई, शाळा सुटली!"

हे माझं वाक्य. प्रत्येक भागात घरी आल्यावर म्हणायचो. पोरं रस्त्यात ओरडायची. एका चपलांच्या जाहिरातीत घेतलं होतं.

बाईने मान वळवली. माझ्याकडे बघितलं, पुरतं. मग ओठांवर बोट ठेवून म्हणाली, "हळू बोला हो. सर बोलतायत."

टीव्हीवर मी बोलत होतो. दाट केस, कोटाची तिन्ही बटणं लागलेली.

मी स्टूल ओढून बसलो. भाग संपेपर्यंत दोघं मिळून मला बघत होतो. चांगलं काम केलं होतं मी.

१० जानेवारी

विचार केला. चूक लाइटिंगची. मी दारात, पाठीमागे जिन्याचा उजेड, चेहरा सगळा अंधारात. कुठलाही कॅमेरामन सांगेल. पुढच्या वेळी खिडकीच्या बाजूने जायचं. शिवाय टीव्ही बंद असताना. एका सीनमध्ये दोन-दोन हेडमास्तर असतील तर कुणाचाही गोंधळ होणारच.

१६ जानेवारी

सकाळी गेलो. टीव्ही बंद. खिडकीच्या बाजूने उजेड उत्तम. बाई प्रसन्न हसली. म्हणाली, "बरं झालं आलात. तो फॅन केव्हाचा कुरकुरतोय."

मी हसून म्हटलं, अहो बाई, मी सर. ती म्हणाली, "काहीतरीच. सर केवढे उंच होते."

साउंडवाला मान खाली घालून आत गेला आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन आला. माझ्या हातात दिला. डोळ्यांनीच विनंती केली. मी स्टुलावर चढलो. फॅनमधलं मला ओ की ठो कळत नाही. एक स्क्रू दिसला, तो पिळला. खाली उतरून हात झटकत म्हटलं, झालं. फॅन तसाच कुरकुरत होता. बाई म्हणाली, "आता कसं छान वाटतंय."

घरी येताना विचार केला. भूमिका छोटी मिळाली, पण एंट्री मिळाली. मोठमोठ्या नटांनी अशीच सुरुवात केलीय.

१८ जानेवारी

पेपरात मनोरंजनाचं पान बघणाऱ्या पत्रकाराला फोन केला. पडद्यावरचा नवरा पडद्यावरच्या बायकोला स्मृती परत देतोय, एवढी मोठी बातमी. त्याने विचारलं, कुठली मालिका? सांगितलं. म्हणाला, आई बघायची. फोटो द्या, बघतो.

साउंडवाल्याला विचारलं. तो म्हणाला, फोटो नको. एवढंच. आवाजसुद्धा चढवला नाही. मला प्रसिद्धीची हाव नाही. मी तिच्यासाठी म्हणत होतो. दिवसभर मूड गेला.

२५ जानेवारी

आज बाई खूप बोलली. मी स्टुलावर फॅनशी खटपट करत, ती खुर्चीत. म्हणाली, तुम्ही बघता का हो ती मालिका? म्हटलं, अधूनमधून. मग माझ्याबद्दल, माझ्याजवळच, सांगत बसली.

म्हणाली, सर दिसायला राजबिंडे. पण पाठांतराच्या नावाने आनंद. त्यांची वाक्यं मोठ्या अक्षरात कागदावर लिहून माझ्या कानामागच्या शेल्फला चिकटवायची. ते माझ्याकडे बघतायत असं सगळ्या जगाला वाटायचं, आणि ते तिकडे वाचत असायचे. अडखळले की मी ओठ न हलवता पुढचा शब्द सांगायची.

मी म्हटलं, ते एक तंत्र असतं. म्हणाली, "असेल बाबा. तुम्हाला फॅनचं कळतं, तुम्ही कशाला त्यात पडता."

थोडा वेळ खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "मला वाटायचं, एकदा तरी त्या कागदावरून नजर काढून माझ्याकडे बघावं. समोरच्याने बघितलं ना, की काम सोपं जातं."

हातातला स्क्रू पडला. शोधायला बराच वेळ लागला.

२६ जानेवारी

पुरावा मिळाला. बाईचं माझ्यावर प्रेम होतं. आता काय उपयोग, पण माणसाला माहीत असलेलं बरं. 'काम सोपं जातं' हे ती फक्त लपवायला म्हणाली असणार. बायकांचं असंच असतं.

बायको शर्टाला बटण लावत होती. तिला कागदाची गंमत सांगितली, हसेल म्हणून. ती हसली नाही. दोरा दाताने तोडला आणि म्हणाली, "माझ्यामागे तर कागदसुद्धा नव्हता."

याचा अर्थ लागला नाही. विचारणार होतो. पण ती आत गेली आणि मग मालिकेची वेळ झाली.

३ फेब्रुवारी

मोठा प्लॅन. शेवटच्या भागातला निवृत्तीचा सीन. अख्खा पाठ करायचा. कागद नाही, शेल्फ नाही. सरळ तिच्या डोळ्यांत बघून म्हणायचा. स्मृती परत आलीच पाहिजे. रोज पहाटे उठून घोकंपट्टी.

५ फेब्रुवारी

पहाटे जाग आली नाही. पण दुपारी मन जास्त ताजं असतं.

अडचण अशी की सीन नीट आठवत नाही. हॉलमध्ये येरझाऱ्या घालत अर्धंमुर्धं म्हणत होतो, तर बायकोने स्वयंपाकघरातून पुढचं वाक्य सांगितलं. मी थांबलो. तिने त्याच्या पुढचंही सांगितलं. बाईचीसुद्धा वाक्यं. कांदा चिरता चिरता.

म्हटलं, तुला कसं पाठ? म्हणाली, "तुम्ही शूटिंगला असायचात. मी घरी बसून तुम्हालाच बघत होते."

बरं झालं. रोज तिच्याकडून म्हणून घेईन.

११ फेब्रुवारी

आज केलं.

कोट घातला, बटण न लावता. मिशी नुसती कापली. बाईच्या समोर खुर्ची ओढली, बसलो आणि तिच्याकडे बघितलं. डाव्या डोळ्याखाली तिला एक बारीक तीळ आहे. अकरा वर्षांत मला दिसला नव्हता.

सुरू केलं. "बाई, आज शाळा कायमची सुटली. आता सकाळी उठून कुठे जायचं, ते तुम्ही सांगा."

आणि पुढचं गेलं. साफ गेलं. काल रात्रीपर्यंत पाठ होतं. सवयीने तिच्या कानामागे बघितलं. तिथे औषधांच्या बाटल्या होत्या.

फॅन कुरकुरत होता. साउंडवाला दारात उभा. आणि बाईचे ओठ हलले नाहीत, पण आवाज आला. अगदी बारीक. "घंटा तुम्ही द्या."

मी म्हटलं, "घंटा तुम्ही द्या, मी येतो."

असं तिने मला सबंध सीनमधून नेलं. प्रत्येक ठिकाणी, जिथे मी अडलो तिथे. संपल्यावर तिने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि जरा रागावून म्हणाली, "पाठ करत जा हो. किती वर्षं मी सांगत राहू?"

माझ्या डोळ्यांत काहीतरी गेलं. फॅनची धूळ असावी.

मग ती साउंडवाल्याकडे वळली. "अहो, यांना चहा द्या. फॅनचं काम फार मनापासून करतात."

१२ फेब्रुवारी

ओळखलं! ओळखलंच! 'किती वर्षं सांगत राहू' असं फॅनवाल्याला कोण म्हणतं? चहाचं नंतरचं. माणूस एकदम वर आला की थोडं खाली जाणारच.

पुढचा प्लॅन: दर आठवड्याला एक सीन. वर्षभरात सगळी मालिका. अशा पेशंटांच्या घरी जाऊन अभिनयाने उपचार, चार-पाच जुने नट बरोबर घ्यायचे, ट्रेनिंग मी देईन. नाव ठरवायचं आहे. पत्रकाराला परत फोन करावा. साउंडवाल्याचं मन वळेल. काल जिन्यापर्यंत सोडायला आला, माझा हात हातात घेतला. म्हणजे प्रभावित झालाय.

१६ फेब्रुवारी

साउंडवाल्याचा फोन. बाई गेली. सकाळी, झोपेतच.

कधी येता, त्याने विचारलं. मी म्हटलं, डायरी बघून सांगतो. तोंडातून गेलं. तो थांबून राहिला. शेवटी मी म्हटलं, निघालोच.

१९ फेब्रुवारी

शोकसभा. छोटा हॉल, खुर्च्या बऱ्याच रिकाम्या. आजच्या पेपरात तिचा फोटो आलाय, मालिकेतला. मी शेजारी होतो, मला कापलंय. तिच्या खांद्याजवळ तपकिरी कोटाचं कोपर तेवढं उरलंय. ते माझं.

दोन दिवस भाषण तयार करत होतो. मला मंचावर बोलावलं नाही. निवेदिकेने 'काही सहकलाकारही उपस्थित आहेत' म्हणून आमच्या रांगेकडे हात केला. आम्ही तिघं होतो. त्यातला एक जण हॉल चुकून आला होता.

साउंडवाला बोलला. माइक कुठे धरायचा ते त्याला बरोबर ठाऊक. म्हणाला, "सीन संपला की माइक काढण्याआधी ती एकदा मोठ्ठा श्वास सोडायची. सेटवर कुणाला कळायचं नाही. माझ्या कानात हेडफोन. मी त्या श्वासासाठी थांबायचो. शेवटच्या दिवशीही मी कान देऊन होतो." मग माइक बंद केला. क्लिक झालेलंसुद्धा ऐकू आलं नाही.

बाहेर आल्यावर त्याला भेटलो. म्हटलं, त्या दिवशी तिने मला ओळखलं होतं, नाही का? तो माझ्याकडे बघत राहिला. चांगला माणूस. म्हणाला, "तुम्ही आलात की ती त्या दिवशी नीट जेवायची."

मी हो म्हणून मान डोलावली. मग बसस्टॉपपर्यंत चालत आलो.

२३ फेब्रुवारी

चॅनलने दुपारची मालिका बंद केली. तिथे आता बागकामाचा कार्यक्रम असतो. कुंडीत माती कशी भरायची वगैरे.

तरी जेवायला त्याच वेळेला बसलो. टीव्ही लावला नाही. समोर बायको. म्हटलं, बघू या. चमचा खाली ठेवला आणि तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. कपाळावर एक जुना व्रण आहे, भुवईच्या वर. कशाचा ते मला माहीत नाही. कधी पडला तेही नाही. विचारायला तोंड उघडलं.

ती जेवता जेवता थांबली. मागे वळून बघितलं, काही आहे का. काही नव्हतं. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "काय हवंय? मीठ?"

म्हटलं, हो. मीठ.

तिने दिलं. भाजीत मीठ बरोबर होतं. तरी वरून घातलं आणि खाल्लं.