सव्वीस निष्ठावंत आणि पन्नास खाटा

२ जून, सोमवार
आजपासून रोज लिहिणार. पुढेमागे कुणी माझं चरित्र लिहायला घेतलं तर त्याची पंचाईत नको. सध्या मी, एल्मेर दिमाकुलांगन, मनिलात खासदार आल्कोरिझा मॅडमचा साधा सहायक आहे. तात्पुरता.
संसदेची मुदत अकरा तारखेला संपतेय आणि आमचं एकच विधेयक उरलंय: आमच्या बेटावरच्या दहा खाटांच्या हॉस्पिटलच्या पन्नास खाटा करायच्या. शेवटचं मतदान त्याच दिवशी. हुकलं तर सगळं पहिल्यापासून, म्हणजे आणखी तीन वर्षं. मसुदा पूर्णपणे माझा. पेर्लाताईने फक्त बारा पानं बदलली.
आई त्याच हॉस्पिटलात सुईण आहे. फोनवर म्हणाली, एकेका खाटेवर दोन-दोन बाळंतिणी झोपवतोय रे. म्हटलं, आता मी आहे ना.

३ जून
पेर्लाताई या ऑफिसात बावीस वर्षं आहे. चार खासदार आले नि गेले, ही तिथेच. त्यामुळे नजर थोडी जुनाट झालीय.
आज तिने सभागृहाचं काम दाखवलं. तीनला हजेरी: दोनशे दहा उपस्थित. साडेतीनला बघतो तर खुर्च्याच खुर्च्या. कुणी कॉफीला, कुणी मतदारसंघातल्या लग्नात वधूवरांचा धर्मपिता व्हायला. मी बोट दाखवून मोजायला लागलो तर ताईने माझा हात खाली ओढला. म्हणाली, इथे डोकी मोजायची नसतात, बाळा. शिकलेली बाई, आणि अशी अंधश्रद्धा. समजावण्यात वेळ घालवला नाही.

५ जून
संकल्प: विधेयक पास झालं की त्याच संध्याकाळी मॅडमकडे चीफ ऑफ स्टाफची जागा मागायची. नवा बारोंग, म्हणजे आमचा समारंभी सदरा, शिवायला टाकला. माप घेताना शिंपी म्हणाला, पोट आत घ्या साहेब. घेतलंच होतं.

७ जून, शनिवार
गावात हॉस्पिटलच्या दारावर फ्लेक्स लागला! ‘पन्नास खाटांबद्दल धन्यवाद.’ मॅडमचा फोटो दारभर, माझा खालच्या कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा. छापणाऱ्याला फोन करून आकाराबद्दल सौम्य शब्दांत सुचवलं. ताई म्हणाली, मतदानाच्या आधीच? मनात म्हटलं, अशा लोकांमुळे देश मागे राहतो.

९ जून
मतदानाआधी मॅडम आभाराचे चार शब्द बोलणार. लिहिणार कोण? मी. ताई म्हणाली, दोन ओळी लिही. दुसरी नाही लिहिलीस तरी चालेल.
मॅडम भाषण आधी वाचत नाहीत. उभ्या राहतात, कागद धरतात आणि सुटतात. इतका विश्वास माझ्याआधी त्यांनी कुणावर टाकला असेलसं वाटत नाही.

१० जून
पानं सहा झाली. आरशासमोर वाचलं. स्वतःच भारावलो.

११ जून, दुपारी ४
गॅलरीत बसून लिहितोय. अंगात बारोंग, समोर इतिहास. ताई सह्या आणायला दुसऱ्या इमारतीत गेलीय. तेवढ्यात कल्पना सुचली. आपलं नाव कानावर पडलं की माणूस विरघळतो. म्हणून आत्ता सभागृहात बसलेल्यांची नावं टिपली. हजेरी आजही दोनशे दहा, बसलेले अख्खे सव्वीस. भाषणाच्या सुरुवातीला घातली: ‘हजेरी देऊन दोनशे दहांपैकी बाकीचे निघून गेले, तरी हे सव्वीस निष्ठावंत आपल्या जागेवर आहेत.’ शिपायाच्या हाती पान मॅडमकडे पोचवलं. ताईला दाखवायचं राहिलं. तिला आवडणारच.

११ जून, संध्याकाळी ६
मॅडमनी वाचलं. एकही नाव चुकलं नाही.
सातव्या नावानंतर सभापती छताकडे बघायला लागले. विसाव्याला नोंद लिहिणाऱ्या लघुलेखकाने पेन खाली ठेवलं. मग विरोधी बाकावरचे एक वयस्क खासदार उठले. (ते निष्ठावंत क्रमांक अकरा, झोपले होते.) म्हणाले, सभापती महोदय, मलाही हे बोलायची इच्छा नव्हती, पण आता नोंद झालीच आहे तर मोजा. मोजले. सव्वीस. कोरम नाही, म्हणजे मतदान नाही. घंटा वाजवली, वाट बघितली, एकतीस झाले. कामकाज संपलं. मुदतही संपली.
ताई धावत आली तेव्हा दिवे मालवत होते. तिने कागद वाचला, घडी घातली आणि पर्समध्ये ठेवला. म्हणाली, हा मीच लिहिला असं मॅडमना सांगते, तू घरी जा. मी गेलो.

१२ जून, सकाळी
स्वातंत्र्यदिनाची सुट्टी. आईला फोन केला. तिला सगळं सांगायचं ठरवलं होतं. इतकंच म्हणालो की विधेयक पडलं. ती म्हणाली, बरं, ठेव आता, दोघींच्या कळा एकदम सुरू झाल्यात आणि खाट एकच आहे. मागे कुणीतरी ओरडत होतं. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.
भाषण कुणी लिहिलं, ते तिने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही.