नाकातला 'आ'

बोगादी, २ जून २०२५

ती. विशालाक्षीआत्यास, शि. सा. न. वि. वि.

फोनवर रडले असते, म्हणून पत्र लिहितेय. चौदा तारखेला संगीत कॉलेजची निवड. गेल्या वर्षी 'मुलगी नाकात गाते' म्हणून परत पाठवलं, आणि वयाच्या अटीमुळं यंदाची संधी शेवटची. अय्यो आत्या, रोग अजून तिथंच! क्लासचे अरुणसर म्हणतात, नाक चिमटीत धरून 'आ' लाव. आवाज बदलला नाही तर तो तोंडातून येतोय. माझा पार कोंडला.

तू नरसीपूरला गेल्यापासून दीड वर्ष तू शिकवायला पाठवतेस ती रेकॉर्डिंगं रोज ऐकते, हुबेहूब तशीच म्हणते. मग चुकतंय कुठं? अप्पा म्हणतात, सर्दी असेल. दीड वर्ष सर्दी असते का?

उत्तर धाड, माया आहेच.
तुझी वर्षिणी

टी. नरसीपूर, ६ जून

चि. वर्षिणीस अनेक आशीर्वाद.

तुझं 'हुबेहूब' वाचून माझीच रेकॉर्डिंगं लावली. मी माझं गाणं कधी ऐकत नाही, काल ऐकलं. कप्पाळ माझं! पोरी, तो नाकातला आवाज माझाच गं. इथं आल्या आल्या कवळी बसवली. निसटेल या धास्तीनं जबडा उघडतच नाही, सगळा सूर नाकात. लाजेनं कुणाला सांगितलं नाही, आणि तू माझी धास्तीच घोटून पाठ केलीस.

जुनी सगळी पुसून टाक. कवळी वाटीत ठेवून नवं गायलेय, मोबाइलवर पाठवते. बोळक्या तोंडाचं आहे, कुणाला ऐकवलंस तर याद राख! दोन बोटं मावतील एवढा जबडा सोड, जीभ खाली राहू दे. सुम्ने, उगाच रडत बसू नकोस. आठवड्यात जमेल का, मलाच माहीत नाही. माझ्यापायी तुझं गाणं सुटलं तर कुठल्या तोंडानं भेटू तुला?

रागावलीस तरी जीव लावायचं सोडू नकोस.
तुझी आत्या

बोगादी, १५ जून

ती. आत्यास, शि. सा. न. वि. वि.

काल निवडीला गेले. परीक्षकबाईंनी मधेच थांबवून नाक धरून गायला लावलं. मी दोन बोटांचा जबडा सोडला. आवाज तसाच राहिला! निवड झाली गं. कुणाकडं शिकलीस विचारलं, तुझं नाव सांगितलं. कवळीचं नाही.

जुनी रेकॉर्डिंगं पुसली, नवं मात्र पुसणार नाही. त्यात शब्द एक कळत नाही, पण सूर लख्ख. एक चूक कबूल करते. अप्पांना ते ऐकवलं. आधी हसले, मग डोळे पुसत म्हणाले, माझी अक्का लग्नाआधी अश्शीच मोकळी गायची.

रागाव, पण पुढचंही कवळी काढूनच पाठव.
तुझीच वर्षिणी