बटण दाबण्याआधीचं अर्धं मिनिट

५ मार्च
आज छातीवर कॅमेरा आला. पोलीस ठाण्यात सगळ्यांची तोंडं कडू. माझं नाही. सरळ माणसाला कॅमेऱ्याची भीती कसली? संकल्प: शिवी बंद, पोट आत. सूचनांचं पुस्तक सवडीने वाचू. बटण कुठे आहे ते कळलं, पुरे.

११ मार्च, दुपार
तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचा फोन. पुन्हा! काकांना विसरण्याचा आजार. बायकोलाच चोर समजून बाथरूमला आतून कडी लावून बसलेले. जिन्यात आमच्या गाडीच्या ड्रायव्हरशी जरा गंमत केली, दारात बटण दाबलं आणि कामाला लागलो. बाथरूमबाहेर फरशीवर बसून काकांशी असा काही गोड बोललो की माझं मलाच भरून आलं. शेवटी काका बाहेर आले. अंगावर काही नाही. काकू टॉवेल घेऊन धावल्या, म्हणाल्या, तेवढा कॅमेरा बंद करा हो. नियमात तशी सोय आहे म्हणे. पण माझं सगळ्यात चांगलं वाक्य अजून बोलायचं राहिलं होतं. सरकारी काम आहे, बंद करता येत नाही, असं ठोकून दिलं.

१४ मार्च
साहेबांना सुचवलं की हे रेकॉर्डिंग सगळ्यांना दाखवा, नव्या पोरांना शिकायला मिळेल. साहेब हो म्हणाले. काकूंनाही बोलावलंय. छोटासा कार्यक्रम आहे, एवढंच सांगितलं. कौतुकाला साक्षीदार हवाच. शर्ट इस्त्रीला टाकला.

१८ मार्च
लिहवत नाही.
पडद्यावर आधी जिना दिसला. मग माझा आवाज. मी ड्रायव्हरला सांगत होतो की म्हातारा एकदाचा गेला तर म्हातारीही सुटेल आणि आपणही. वर खो खो हसलो. ड्रायव्हर हसला नव्हता, हे आज कळलं. मग बेल वाजली आणि आवाजात एकदम साखर.
रेकॉर्डिंग सांभाळणाऱ्या बाई म्हणाल्या, बटण दाबलं की आधीचं अर्धं मिनिटही आपोआप साठवलं जातं. पुस्तकात पहिल्याच पानावर आहे.
पुढे काका आले. चेहरा धूसर केला होता. नवरा ओळखायला काकूंना चेहरा कशाला लागतो? त्या पहिल्याच रांगेत होत्या. उठल्या, साहेबांना येते म्हणाल्या आणि गेल्या.

१९ मार्च
शांतपणे विचार केला. जिन्यातलं बोलणं खासगी असतं. मला न विचारता ते चारचौघांत दाखवलं, हा सरळसरळ अन्याय आहे. तक्रार लिहायला घेतली. दुसऱ्याच ओळीला काकूंचा टॉवेल आठवला. 'ती गोष्ट वेगळी' असं लिहिलं. खोडलं. कागद फाडला.

२२ मार्च
माफी मागायचं ठरलं. कॅमेरा चालू ठेवून मागावी का? नोंद तरी राहील. त्यांच्या जिन्यापर्यंत जाऊन परत आलो. गुडघा दुखतोय.

२९ मार्च
गस्तीवर होतो. काकू काकांना धरून रस्त्याच्या कडेने येताना दिसल्या, केस विस्कटलेले, चप्पल तुटलेली. काका सकाळपासून बेपत्ता होते. काकूंनी एकटीनेच शोधून काढले, नुकतेच, बसथांब्यावर. मी विचारलं, फोन का नाही केला? म्हणाल्या, तुम्हाला उगाच त्रास. आवाजात राग नव्हता. फार लाज वाटली. एखादी सबब शोधली, सापडली नाही. गाडीने सोडतो म्हटलं. काकांनी हसून माझा हात धरला. काकूंनी त्यांचं एकेक बोट सोडवलं, आणि दोघं चालत गेली.