अर्धा फेरा जास्तीचा

बाबा, तुमची मोटारसायकल कालपासून आपल्या गॅरेजच्या मधोमध उभी आहे आणि तिच्याखाली तेल धरायला पत्र्याचं टोपलं ठेवलंय. तुमची नात आज सकाळी सातच्या एसटीनं गेली. राजूर घाटाखालच्या एका दवाखान्यात ती नर्स म्हणून लागली आहे. सोमवारी उंद्रीहून तुमच्याच गाडीवर जाते, शनिवारी परत येते. आज पहिल्यांदाच गाडीविना गेली. पोचल्याचा फोन अजून नाही. घाटात रेंज जाते हे मला ठाऊक आहे, तरी दर दोन मिनिटांनी फोन हातात घेते. म्हणून म्हटलं, त्यापेक्षा तुम्हाला लिहावं.

शनिवारी ती आली तेव्हा मागच्या टायरच्या कडेला बोटभर ओलं होतं. हात लावला तर तेल. टायरवर तेल आणि समोर घाटातलं वळण, म्हणजे काय ते मी तुम्हाला सांगायला नको. खाली वाकून पाहिलं तर तेल काढायच्या बोल्टाशी थेंब लोंबत होता. पाना घेतला आणि बोल्ट आवळला. तासाभरानं पुन्हा थेंब, पुन्हा आवळला. रविवारी सकाळी चहाआधीच तिसऱ्यांदा आवळायला बसले. लेक दारात उभी होती. म्हणाली, "आई, अजून किती आवयशीन? काऊन भेऊन राह्यली एवढी?" मी तिच्यावरच खेकसले, "तू गप बस. घाट तुले उतरायचा हाय, जीव माहा टांगणीले लागते."

मग तुमचं आठवलं. इतक्या उशिरा आठवावं याची लाज वाटते. "तेल दिसते तिथून गयत नसते, पोरी. वरतं पाह्य." तुम्ही इंजिन रॉकेलनं धुवायचात, फडक्यानं कोरडं करायचात आणि घरातून आईचा पावडरचा डबा आणून त्यावर उधळायचात. मग गाडी चालू ठेवून बिडी ओढत बसायचात. पावडरीत सगळ्यात वर जिथे ओली रेघ उमटेल, तिथे गळती. आई चुलीपासून ओरडते, "माह्या तोंडाले पावडर उरत नाही, अन् हे इंजिनाले नटवून राह्यले!" तुम्ही हसता, आणि डबा निम्मा करूनच परत देता. काल मी लेकीचा डबा घेतला. रेघ उमटली ती इंजिनाच्या पार वरच्या झाकणाशी. तिथलं पॅकिंग तर मीच दिवाळीत नवं घातलेलं. चांगल्या पॅकिंगमधून तेल बाहेर ढकललं जातंय म्हणजे आत वाफ कोंडली असणार. वाफ बाहेर सोडणारी नळी काढून पाहिली, तर कुंभारमाशीनं तिच्या तोंडात मातीचं घर बांधलेलं. आठवडाभर गाडी दवाखान्यामागे लिंबाखाली उभी असते ना. तारेनं माती टोकरली, नळी फुंकली, पुन्हा पावडर टाकली आणि अर्धा तास गाडी चालवली. सगळं कोरडं. खालचा बोल्ट बिचारा कधी गळतच नव्हता, वरचं तेल ओघळून तिथे येत होतं.

लेक खूश झाली. मी मात्र पाना धरून तिथेच बसले. तिसऱ्या वेळी आवळताना पाना एकदम मऊ फिरला होता, लोण्यात फिरावा तसा. तो मऊपणा माझ्या हाताला आयुष्यात एकदाच लागला होता.

जानेफळचे ते कापडवाले चाचा आठवतात? आठवडी बाजारांना गाडीवर गठ्ठे बांधून फिरायचे. माझं लग्न व्हायचं होतं, तुमच्या हाताखाली शिकत होते. तुम्ही त्यांच्या गाडीचं तेल बदलून बोल्ट बसवलात आणि चहाला गेलात. मला वाटलं, गळलं तर? म्हणून मी लांब पाना लावून अर्धा फेरा जास्तीचा दिला. तो मऊ फिरला. मी पाना जागेवर ठेवून दिला. आठ दिवसांनी चाचा आले, बुटावर तेल. तुम्ही बोल्ट काढलात तर तो ज्यात फिरतो ते इंजिनातले आटेच सोलून निघाले होते, त्यांची चांदीसारखी तार त्याला गुंडाळून आली. तुम्ही बराच वेळ स्वतःच्या हाताकडे बघत राहिलात. "माह्याच हातानं गेले आटे," तुम्ही म्हणालात. चाचा म्हणाले, "जाऊ द्या उस्ताद, हाथ है, मशीन थोडी है." मी तिथेच उभी होते. त्या दिवसापासून प्रत्येक बोल्टाचा शेवटचा फेरा तुम्ही मला द्यायला लावलात. "माह्या हाताचा अंदाज गेला आता."

काल दुपारपासून दिवेलागणीपर्यंत मी त्या बोल्टाकडे बघत होते. वरून तर पक्का बसलेला दिसत होता. एखादे वेळी महिनाभर टिकलाही असता, किंवा घाटातच सुटला असता. शेवटी लेकीला हाक मारली आणि सांगितलं, "बोल्टाचे आटे गेले. माह्या हातानं गेले." काढून दाखवला. तीच तार. तिनं पाहिली, म्हणाली, "बरं झालं सांगतलं. एसटीनं जाते मी. शनिवारलोक आटे पाडून ठेव." एवढंच. मग भाकरी टाकायला गेली. इतकं सोपं असतं हे मला माहीत नव्हतं.

आत्ता फोन आला. पोचली. एसटीत उभ्यानं गेली म्हणून कुरकुर करत होती.

हा कागद कुठे पाठवणार? टोपलं रिकामं केलं की त्याच्याखालीच घालीन. फक्त एक सांगते. चाचांसमोर मी गप्प राहिले ती भीतीनं, पण ते एका दिवसापुरतं. पुढे तुम्ही गेलात तोवर इतकी वर्षं गप्प राहिले ती भीतीनं नाही. पाना माझ्या हातात आला होता, बाबा, आणि मला तो परत द्यायचा नव्हता.