उजवा खांदा

४ मार्च, मंगळवार

कंबर गेली! मोजे घालायला वाकलो तो तसाच राहिलो. बायको म्हणाली, "काही सापडलं का खाली?" हसायला गेलो, तर तेही कमरेतच दुखलं.

५ मार्च

दुकानात दिवसभर चष्म्याच्या काचा घासल्या, उभ्यानं. बसलो की उठवत नाही, उठलो की बसवत नाही. हिच्या चष्म्याची काडी घट्ट करून आणली. लांबचा चष्मा, गेल्या उन्हाळ्यात हट्टानं करून घेतलाय. टीव्हीसाठी असेल.

८ मार्च

फिजिओथेरपीवाल्या मुलीकडे गेलो. वय पंचवीस, दरारा हेडमास्तरणीचा. काचांचं सगळं सांगितलं, तर विचारते, "काका, संध्याकाळी काय करता?" म्हटलं, गिटार वाजवतो. "कसे बसता, दाखवा." हातात झाडू दिला! बसून दाखवलं. बघतच राहिली. "गिटार वाजवताय की अडकलेलं दार ढकलताय?"

आता या मुलीला काय सांगायचं? बायकोचा डावा कान लहानपणापासून बंद. लग्न झाल्यापासून मी तिच्या उजव्या हाताला स्टुलावर बसतो आणि कमरेतून वळून गिटार तिच्या चांगल्या कानाकडे धरतो. ठेक्याला उजवा खांदा पुढे मारायचा, तीही सवय तिथलीच. एकतीस वर्षं! बायको पायानं ताल धरते आणि तो कधी चुकत नाही. मला त्याचा गर्व आहे, उगाच कशाला लपवू.

मी निघताना ती मुलगी म्हणाली, "सरळ बसायला शिका, नाहीतर गिटार विसरा."

९ मार्च

हुकूम पाळला. बिनहाताची खुर्ची. डाव्या पायाखाली जाडजूड शब्दकोश (शेवटी उपयोगाला आला). गिटारची मान वर, पाठ ताठ, खांदे खाली आणि सैल. तारांकडे वाकून बघायचं नाही. खांदा हलवायचा नाही म्हणजे नाही! फोटो काढायला बसल्यासारखं वाटलं.

१२ मार्च

कंबर गप्प आहे. बोटंही मोकळी पडतात, सूर स्वच्छ येतात. इतकी वर्षं काय झक मारली कोण जाणे.

फक्त बायकोचा पाय चुकला. दोनदा. मग थांबलाच. "दमलेय," म्हणाली.

१४ मार्च

आज पुन्हा तेच. पाय पुढे धावतो, मग थांबून वाट बघतो. तोंड तिच्याकडे नाही म्हणून रागावली असेल का? मुद्दाम जोरात वाजवलं. काही फरक नाही. माझ्याकडे टक लावून बघत होती, काहीतरी हरवल्यासारखी. मी वैतागलो. "अगं, लक्ष कुठे आहे?"

माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, "तुमच्याकडेच."

तरीही बोललो. बोलायला नको होतं.

१५ मार्च

बाहेर आलीच नाही. आत भांडी घासत होती, घासलेलीच. दारातून दोन हाका मारल्या. ओ नाही. पाठ माझ्याकडे होती, आणि रुसवा असा पाठीतूनही दिसतो.

१७ मार्च

कंबर बरी आहे. वाजवावंसं वाटत नाही. तिच्या पायाशिवाय माझं वाजवणं म्हणजे नुसती खाजवाखाजवी. गिटार भिंतीला टेकवून ठेवली. दुकानात दोन काचा फुकट घालवल्या. थकलोय. सरळ बसून काय मिळवलं?

१८ मार्च

समोर बसून विचारलं, "माझं काय चुकलं?" तिनं चष्मा काढला, बाहीला पुसला, परत लावला. म्हणाली, "उजवा कानही गेला हो. वर्ष होऊन गेलं. सांगितलं असतं तर तुम्ही वाजवणं सोडलं असतंत. तुमचं तोंड वाचत होते, आणि गाण्याला खांदा. तुम्ही सरळ बसलात, आणि मला काहीच ऐकू येईना."

१९ मार्च

खुर्ची तीच, शब्दकोशही तोच. खांदा मात्र सोडला — हवा तेवढा! उद्या दुखेल, दुखू दे. पाय एकदाही चुकला नाही.