तळ्यातून वर काढलेलं विमान

भाऊजी,

यांचं विमान तळ्यात कोसळलं त्याच संध्याकाळी तुम्ही येऊन सांगितलंत, "वहिनी, दादाचीच चूक. पाणी आरशासारखं होतं, त्याला उंचीचा अंदाज आला नाही."

मी मान डोलावली.

काल विमान वर काढलं. चौकशी अधिकारी म्हणाले, "पंख्याची पाती सरळ आहेत. म्हणजे आदळण्याआधीच इंजिन बंद पडलं होतं." तुम्ही लगेच सिगारेट पेटवलीत. मी पाहिलं.

ते इंजिन तुम्हीच तपासलं होतंत ना? मग विमान तळाशी असतानाच दादाला दोष द्यायची एवढी घाई कशाला?

आईंना मी काही बोलले नाही. आता त्यांना तुम्हीच उरलात. म्हणून हे पत्र टाकणार नाही.

पण उद्या जेवायला याल, तेव्हा माझ्या डोळ्यांत बघून बोला.

वहिनी